बंद पडलेली मोटार घ्यावी काय?

आमच्या पुतण्याने एक मोटार पाहून ठेवली. पस्तीस हजार रुपयांना मिळते म्हणाला. पस्तीस हजारांत आज बरी फटफटीसुद्धा येत नाही, मग मोटार कशी येते? तर ती चालू नव्हती. कागलच्या पुढे एका मळ्यात, गोठ्याला लागून छपरी आहे, तिच्यात ती बारा वर्षं उभी होती. तिच्या टपावर कडब्याच्या पेंढ्या होत्या आणि आत कोंबड्या अंडी घालीत होत्या.

पुतण्या कोल्हापूरला उद्यमनगरात लेथवर काम करतो. हात चांगला आहे. लोखंडाची त्याला भीती नाही. तो मला म्हणाला, "तात्या, रविवार-रविवार काम करीन, दोन वर्षांत उभी करीन. तुम्ही फक्त आईला सांगा."

आई म्हणजे आमच्या वहिनी. थोरले बंधू वारल्यावर घरखर्चातून वाचवून त्यांनी सत्तर हजार रुपये पोस्टात ठेवलेले आहेत. घराची मागची भिंत दर पावसाळ्यात गळते, ती बांधून काढायची म्हणून. पुतण्याचा डोळा त्या पैशांवर होता, हे उघड आहे. आणि वहिनींना सांगायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी मास्तर.

आता ही मोटारच का, तेही सांगतो. ती प्रीमियर पद्मिनी होती. ही गाडी मुंबईला कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होत असे. १९६४ साली ती फियाट अकराशे डिलाइट या नावाने निघाली, आणि पुढे १९७० नंतरच्या काळात तिचं नाव पद्मिनी झालं. इंजिन १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं, पेट्रोलवर चालणारं. गिअरचा दांडा पुष्कळ वर्षं स्टिअरिंगलाच लागून असे. २००० सालाच्या सुमारास गाडी निघायची बंद झाली. मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणजे बहुतेक हीच. ३० ऑक्टोबर २०२३ पासून तीही मुंबईच्या रस्त्यावरून गेली, कारण टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे आणि शेवटच्या पद्मिनीची वीस वर्षं त्या सुमारास भरली. आमचे बंधू सव्वीस वर्षं मुंबईत तीच टॅक्सी चालवीत. पुतण्या लहानपणी सुट्टीत मुंबईला गेला की बापाच्या शेजारच्या सीटवर बसे. म्हणजे हा नुसता मोटारीचा प्रश्न नव्हता. मी ते ओळखून होतो, म्हणून एकदम नाही म्हटलं नाही.

मी म्हणालो, "आधी बघून येऊ. घ्यायची की नाही ते गाडीजवळ ठरवायचं नाही. घरी येऊन ठरवायचं."

ही अट मी का घातली? १९९१ साली मी एक बंद स्कूटर आठशे रुपयांना घेतली होती. विकणाऱ्याने किक मारली, ती फुरफुरली, आणि मी तिथल्या तिथे पैसे मोजले. पुढे तिच्यावर चार हजार घातले आणि शेवटी भंगारात दिली. आमच्याकडे म्हणतात ना, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. तो मसाला मी खाल्लेला आहे.

रविवारी आम्ही चौघं गेलो. पुतण्या, मी, ओळखीचे एक म्हातारे मिस्त्री, आणि वहिनी. वहिनींनी यावं असं मला वाटत होतं. पैसा त्यांचा आहे, तर डोळेही त्यांचे असावेत. त्या आमच्या रात्रीच्या वर्गात दोन वर्षांपूर्वी वाचायला शिकल्या. वय सत्तरीचं. एस. टी.ची पाटी आणि मोबाईलचे आकडे वाचता यावेत म्हणून इंग्रजी आकडेही शिकल्या. त्याचा उपयोग कुठे झाला, ते पुढे येईलच.

मळ्याच्या मालकाचा मुलगा भला माणूस होता. चहा दिला. गाडी त्याच्या वडिलांची. वडील २०१६ साली वारले. तो म्हणाला, "इंजिन फस्‌क्लास आहे. बॅटरी टाका आणि न्या. टायर तर चार-पाच वर्षांपूर्वीचेच आहेत."

मिस्त्रींनी बॅटरी आणली होती, पण ती लावली नाही. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. बारा वर्षं उभ्या असलेल्या इंजिनला एकदम बॅटरीने फिरवू नये. आत तेल राहिलेलं नसतं. पिस्टनच्या कड्या गंजून सिलिंडरला धरलेल्या असतात. जोराने फिरवलं तर मोडतोड होते. मिस्त्रींनी चारही प्लग काढले. प्रत्येक भोकात थोडं थोडं तेल सोडलं. दोन तास थांबायला सांगितलं. खरं म्हणजे रात्रभर ठेवायला हवं होतं, पण आमची शेवटची गाडी साडेपाचला होती. मग गिअर मोकळा केला आणि पुढच्या पुलीच्या नटावर लांब पाना लावून हलकेच दाबलं.

पुली हलेना. पुतण्याचं तोंड पाहवत नव्हतं. मिस्त्रींनी पाना उलट्या बाजूला दाबला, पुन्हा सुलट दाबला. बोटभर हलली. मग आणखी. मग पुरा फेरा झाला. आत सुस्कारा टाकल्यासारखा आवाज आला.

पुतण्या लहान पोरासारखा हसला. मालकाचा मुलगा म्हणाला, "सांगितलं होतं की!" मलासुद्धा आनंद झाला, खोटं कशाला बोलू? त्या क्षणी कुणी विचारलं असतं तर मीच पैसे काढून दिले असते.

एवढ्यात वहिनी मागच्या दारातून आत वाकून पाहत होत्या. त्यांनी पायाखालचं रबर उचललं आणि म्हणाल्या, "भाऊजी, हितं खाली गवत दिसतंय."

आम्ही सगळे गेलो. खरंच, गाडीच्या तळाला हात जाईल एवढं भोक होतं. खालचं गवत वर आलं होतं.

इथे थोडं थांबून समजून घेऊ. ट्रकला किंवा जुन्या जीपला खाली लोखंडी तुळयांची एक वेगळी चौकट असते. वरचा पत्रा सडला तरी चौकट गाडी तोलून धरते. पद्मिनीला अशी वेगळी चौकट नाही. तळ, दाराखालचा उंबरा, खांब, टप हे सगळं मिळूनच तिचा सांगाडा होतो. म्हणून तिचा तळ सडला म्हणजे घराचं जोतं खचल्यासारखं आहे. दार सडलं तर दुसरं मिळतं. दिवा फुटला तर मुंबईत कुर्ल्याला किंवा चोरबाजारात जुना सापडतो. तळ मात्र कापून, नवा पत्रा वळवून, जोडून घ्यावा लागतो, आणि तो जोडताना गाडी वाकली तर पुढे दारं लागत नाहीत.

लोक पहिल्यांदा इंजिनाची चौकशी करतात. मिस्त्री म्हणाले, इंजिन ही त्यातली सोपी गोष्ट आहे. ते उचलून टेबलावर घेता येतं, उघडता येतं, सुटा भाग बदलता येतो. पत्रा बाहेरून रंगवलेला असतो आणि आतून खाल्लेला असतो.

मग मिस्त्रींनी खिशातून जुन्या रेडिओच्या कर्ण्यातला लोहचुंबक काढला. त्याला फडकं गुंडाळलं होतं, रंगाला ओरखडा नको म्हणून. तो दाराखालच्या पट्टीवर फिरवला. कुठे घट्ट बसे, कुठे गळून पडे. जिथे पडतो तिथे लोखंड नाही, लांबी भरून वर रंग दिलेला आहे. उजव्या बाजूला वीतभर जागेत चुंबक तीनदा पडला. वहिनींनी तो मागून घेतला आणि स्वतः सगळ्या गाडीवरून फिरवला. त्यांना तो फारच आवडला.

टायरचंही सांगतो. वहिनी खाली बसून टायरकडे पाहत होत्या. त्यावर एका लांबट गोलात चार आकडे होते. त्यांनी बोट ठेवून वाचले : तीन, एक, एक, एक. मिस्त्री म्हणाले, "बाई, बरोबर वाचलंत. पहिले दोन आकडे म्हणजे वर्षातला आठवडा. पुढचे दोन म्हणजे साल." म्हणजे टायर २०११ सालच्या एकतिसाव्या आठवड्यात तयार झालेला. चार-पाच वर्षांचा नव्हे. मालकाचा मुलगा लाजला. तो मुद्दाम खोटं बोलला असेल असं मला वाटत नाही. घरात उभ्या असलेल्या वस्तूचं वय कुणाला आठवतं? पण नवशिक्या बाईने वाचलेल्या चार आकड्यांनी पस्तीस हजारांची भाषा तिथेच थोडी खाली आली. टायर न वापरताही म्हातारा होतो. बाजूला बारीक चिरा पडतात. त्याच टायरवर वेगाने गेलं तर तो फुटतो.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगतो. पेट्रोलच्या टाकीचं झाकण काढलं तर व्हार्निशसारखा वास आला. जुनं पेट्रोल चिकट होऊन नळ्यांत आणि कार्ब्युरेटरमध्ये बसतं. ब्रेकचं तेल हवेतलं पाणी ओढून घेतं, त्यामुळे ब्रेकचे सिलिंडर आतून गंजतात. एक मागचं चाक धरलेलं होतंच. रबराच्या नळ्या बोटाने दाबल्या तर कुरकुरल्या. उंदरांनी वायरिंग खाल्लेलं होतं, आणि सीटमध्ये त्यांचं बिऱ्हाड होतं. अशी गाडी दोर बांधून ओढत आणू नये. ब्रेक नाही, विमा नाही. टेम्पोवर चढवूनच आणावी लागते.

मग मी कागद मागितले. मास्तराला तेवढंच कळतं.

नोंदणीचं पुस्तक सापडलं, ही चांगली गोष्ट झाली. त्यावरचा चॅसी नंबर आणि इंजिन नंबर आम्ही गाडीवरच्या नंबरांशी ताडून पाहिला. दोन्ही जुळले. गाडी १९९४ सालची. खाजगी मोटारीची नोंदणी पहिल्यांदा पंधरा वर्षांची असते. पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. या गाडीची एकदाच वाढवली होती. मुदत २०१४ साली संपली. पुतण्याने मोबाईलवर सरकारच्या परिवहनच्या जागी नंबर घालून पाहिला, तर तिथे एका पतसंस्थेचा बोजा दिसला. मालकाचा मुलगा म्हणाला, "कर्ज कवाच फेडलंय." फेडलं असेल. पण पतसंस्थेने तसं लिहून दिल्याखेरीज आणि तो नोंदणीतून काढून घेतल्याखेरीज बोजा तसाच राहतो.

आणखी एक अडचण होती. पुस्तक वारलेल्या वडिलांच्या नावावर. ज्याच्या नावावर गाडी आहे त्याची सही विक्रीच्या नमुना २९ आणि ३० वर लागते. वारलेला माणूस सही करीत नाही. तेव्हा आधी वारसाने नमुना ३१ भरून गाडी स्वतःच्या नावावर करून घ्यायची, मृत्यूचा दाखला जोडायचा, आणि दुसरे वारस असतील तर त्यांची संमती आणायची. मुलाला एक बहीण होती, इचलकरंजीला दिलेली. तिला या विक्रीची खबरही नव्हती.

आणि सगळ्यांत वाईट गाठ पुढे आहे. नोंदणीची मुदत वाढवायची तर गाडी परिवहन कार्यालयाच्या तपासणीत पास व्हावी लागते. म्हणजे ती आधी धड झालेली पाहिजे. म्हणजेच आधी पैसा घालायचा, आणि मग मंजुरी मिळते की नाही ते पाहायचं. कागदात काही अडलं तर दीड लाखाची गाडी अंगणात शोभेला राहते. म्हणून कार्यालयात जाऊन, पुस्तक दाखवून, अगोदर विचारून यावं. हे पुतण्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "तात्या, तुम्ही सगळ्यात भूतच बघता." मी म्हणालो, "मी कागद बघतो, बाळा."

घरी आल्यावर जेवणं झाली. वहिनींनी वही काढली. आपणही पेन्सिल घ्या आणि बेरीज करून पाहा. आकडे मिस्त्रींनी सांगितलेले आहेत. दुसऱ्या गावी वेगळे असतील.

गाडीची किंमत ३५,०००. टेम्पोने आणणं ३,०००. चार टायर आणि ट्यूब १४,०००. बॅटरी ४,५००. ब्रेकचं काम ९,०००. टाकी, पेट्रोलचा पंप आणि कार्ब्युरेटर ६,५००. वायरिंग ८,०००. इंजिनाची पॅकिंगं, नळ्या, तेलपाणी १२,०००. तळाचा पत्रा, जोडकाम आणि रंग ४०,०००. नोंदणी वाढवण्याची फी १०,०००. ही फी आधी पाच हजार होती, २०२५ साली वीस वर्षांवरच्या मोटारीला केंद्र सरकारने दहा हजार केली. शिवाय पर्यावरण कर, उशिराचा दंड, विमा, धुराचा दाखला आणि नवी नंबरपाटी मिळून १२,०००.

वहिनींची बेरीज पहिल्यांदा चुकली. दुसऱ्यांदा बरोबर आली : १,५४,०००.

मिस्त्री म्हणाले, "यात चौथा हिस्सा आणखी धरा. उघडल्यावर जे निघतं ते आधी दिसत नाही." चौथा हिस्सा म्हणजे ३८,५००. एकूण १,९२,५००. आणि ठेव सत्तर हजारांची. मिस्त्रींच्या माहितीत चालू असलेली, कागद धड असलेली पद्मिनी दीड लाखाला मिळत होती.

पुतण्या गप्प बसला. मग म्हणाला, "तात्या, हा हिशेब गॅरेजवाल्याचा आहे. मजुरी मी कशाला देऊ? ब्रेक मी करीन. टाकी मी धुवीन. वायरिंग शिकून घेईन. मित्र वेल्डिंगला येईल." आणि यात तथ्य होतं. पुन्हा मांडून पाहिलं. त्याची मजुरी वजा केली, तेव्हा चौथ्या हिश्शासकट खर्च एक लाख पस्तीस हजारांपर्यंत खाली आला. पण मग सूनबाईंनी पहिल्यांदाच तोंड उघडलं. त्या म्हणाल्या, "दोन वर्षं सगळे रविवार गेले, तर पोरांना बघायचं कुणी? आणि गाडी लावणार कुठं? आपल्या बोळात रिक्षा वळत नाही." याचं उत्तर कुणाकडे नव्हतं. उघड्या गाडीला वर्ष-दोन वर्षं छप्पर लागतं. पावसात ठेवली तर पुढून दुरुस्त होते आणि मागून सडते. भाड्याची जागा घेतली तर ते भाडं हिशेबात कुठेच नव्हतं.

माझं मत विचाराल, तर पुष्कळ लोक अशी मोटार घेताना दोन हिशेब एकमेकांत कालवतात. स्वस्तात गाडी मिळते म्हणून घेतो, असं तोंडाने म्हणतात. मनात मात्र हौस असते. हौस वाईट नाही. माणूस हौसेने बैल सजवतो, हौसेने तालीम करतो. पण हौसेचा पैसा परत येणार नाही असं धरूनच तो बाजूला काढायचा असतो, आणि तो गळक्या भिंतीचा पैसा असता कामा नये. पुतण्याला मी सरळच विचारलं, "तुला मोटार हवी आहे की तुझ्या वडिलांची मोटार हवी आहे?" तो काही बोलला नाही. वहिनी उठून आत गेल्या. विचारायला नको होतं, असं मला नंतर वाटलं.

थोड्या वेळाने त्या बाहेर आल्या आणि त्यांनीच निकाल दिला. "भिंतीचं पैसं भिंतीला. त्याच्या पगारातलं म्हैन्याला दोन हजार त्यानं बाजूला टाकावं. आणि त्या पोराला सांगा, बहिणीची सही, पतसंस्थेचा कागद आणून दाखव. हापिसात इचारून ये. मग पंधरा हजार देऊ. भंगारवाला काय देतो ते बी इचारून ठेवा."

ही शेवटची गोष्ट मिस्त्रींनाही पटली. भंगाराचा भाव कळला म्हणजे सगळं फसलं तर हाती काय राहील ते कळतं. मात्र नोंदणी असलेली गाडी कुठल्याही भंगारवाल्याला देऊन मोकळं होता येत नाही. सरकारमान्य केंद्रातून दाखला घेऊन नोंदणी रद्द करावी लागते, नाहीतर ती कागदावर आपल्या गळ्यात राहते.

मी फोन करून निरोप दिला. मालकाच्या मुलाला राग आला. म्हणाला, "गिऱ्हाईकं पुष्कळ आहेत." पुतण्या आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. पुढे त्याने मिस्त्रींच्या गॅरेजात रविवारी अर्धा दिवस जायला सुरुवात केली. तिथे दुसऱ्याच कुणाची पद्मिनी कामाला आली होती. तिचा कार्ब्युरेटर त्याने तीनदा उघडला आणि तीनदा लावला. तिसऱ्या वेळी एकही स्क्रू उरला नाही, असं मिस्त्रींनी मला मुद्दाम सांगितलं.

परवा मळ्यातून फोन आला. गाडी अजून छपरीतच आहे. बहीण सही द्यायला तयार झाली, पतसंस्थेचं पत्र मिळालं, आणि तो स्वतः कार्यालयात जाऊन विचारून आला. पंधरा नाही, पण अठराला देईन म्हणतो. पुतण्याजवळ दहा हजार साठले आहेत.

येत्या रविवारी पुन्हा जायचं ठरलं आहे. या वेळी तळाखाली जॅक लावून नीट पाहणार आहोत, आणि वहिनींनी मिस्त्रींकडून तो लोहचुंबक आधीच मागून आणून ठेवला आहे.